कापडी होल्स्टरविरुद्ध अर्ज

जी वस्तू स्वतः हाताळलेली नाही, तिच्याविषयी अर्ज लिहायचा नाही, हा माझा नियम आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु तालुका कचेरीबाहेरच्या बाकड्यावर आणि नंतर कतारमध्ये, दोह्याच्या अल नस्र भागातील एका टायपिंग सेंटरात लोकांचे अर्ज लिहिण्यात मी इतकी वर्षे काढली आहेत, की अर्ज नाकारला गेला तर वाचणाऱ्याकडेच काही कमी असावे, असे मी नम्रपणे मानतो.

गेल्या हिवाळ्यात एक सुभेदार माझ्याकडे आले. सैन्यातून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे हे गृहस्थ दोह्याजवळच्या मुऐदरमधील एका वयोवृद्ध कतारी सद्गृहस्थांचे अंगरक्षक होते. मालकांनी रीतसर परवाना काढून त्यांना पिस्तूल दिले होते. पाहुण्यांना ते दिसू नये म्हणून कोटाखाली ठेवावे लागे. त्यासाठी घरच्या मॅनेजरांनी एक मऊ कापडी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची कमरेला बांधायची पिशवी, आणून दिले होते. ते बदलून मिळावे म्हणून सुभेदारांनी तीनदा तोंडी विनवले होते आणि तिन्ही वेळा ‘इन्शाल्ला’ ऐकले होते.

“भाऊसाहेब,” सुभेदार म्हणाले, “चापावर नुसतं कापड आहे. मालकांची चार वर्षांची नात शाळेला जाताना गाडीत माझ्या अंगावर चढते. तिचा गुडघा चापावर बसला तर? तिला जवळ घेणार नाही म्हटलं तर नोकरी जाईल, घेतलं तर झोप जाते.”

मी त्यांना सांगितले की होल्स्टर कमरेला बांधून पाहिल्याशिवाय माझे पेन चालणार नाही. ते खूप हसले आणि त्यांनी मला शुक्रवारी सकाळी बोलावले.

इस्त्रीचा सफारी घालून मी मुऐदरला पोहोचलो. पिस्तूल घरातल्या पोलादी कपाटात कुलूपबंद होते. फाटकाजवळच्या खोलीत सुभेदारांनी खाटेवर तीन होल्स्टर मांडली होती, आणि शेजारी सरावाचे निळे प्लास्टिकचे पिस्तूल. आकार आणि वजन खऱ्यासारखे, पण त्यातून गोळी सुटू शकत नव्हती. चाप ओढला की नुसते ‘टक्’ वाजे.

पहिले होल्स्टर चामड्याचे होते. दिसायला राजबिंडे, परंतु पिस्तूल बाहेर काढताच त्याचे तोंड मिटे आणि ते परत ठेवताना दुसऱ्या हाताने उघडावे लागे. त्या खटाटोपात माझ्या सफारीचे टोक आत गेले. खऱ्या पिस्तुलाच्या चापात असे कापड अडकले तर आत ढकलतानाच बार होतो, असे सुभेदारांनी सांगितल्यावर मी ते टोक अत्यंत आदराने बाहेर काढले.

दुसरे कडक प्लास्टिकचे, नेमके त्याच पिस्तुलाच्या साच्याचे, एका मित्राकडून मागून आणलेले. मी त्यावर पेनाने चहूबाजूंनी दाबून पाहिले, चापापर्यंत काही पोहोचेना. उलटे धरून झटकले, तरी पिस्तूल पडेना. पट्ट्याला त्याची पकड घट्ट होती, त्यामुळे पिस्तूल काढताना होल्स्टर सोबत येत नव्हते. मी आरशासमोर ऐटीत चाललो, गर्रकन वळलो, आणि डोळे बारीक करून स्वतःवरच नजर रोखली. सुभेदार हसत खाटेवर आडवे झाले.

कडक होल्स्टरने कोटाला फुगवटा येतो, ही मॅनेजरांची हरकत सुभेदारांनीच मला सांगितली होती; तिची मी त्यांना आठवण दिली.

“तुमच्या पोटाशेजारी कसला फुगवटा दिसतोय?” सुभेदार म्हणाले.

तिसरे ते कापडी. बसून लिहिताना ते कसे बोचते हे कळावे म्हणून मी ते पोटाजवळ बांधले, आत निळे पिस्तूल ठेवले आणि खाटेवर बसून हिंदीत तीन पाने लिहून काढली. मालकांना हिंदी समजत असे. शेवटची सही होते न होते तोच मॅनेजरांचा निरोप आला, की मालक नमाजानंतर बाहेर जाणार आहेत, जे काही आहे ते आत्ताच घेऊन या. आम्ही घाईने निघालो. होल्स्टर माझ्या कमरेलाच राहिले.

मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, मालक लोडाला टेकून कहवा घेत होते. मी वाचू लागलो. मागणी तिसऱ्या पानापूर्वी येऊ द्यायची नाही, ही माझी पद्धत. पहिल्या पानावर मालकांच्या आयुरारोग्याची कामना होती, दुसऱ्यावर त्यांच्या ससाण्यांची स्तुती. ससाण्यांपाशी मालकांनी हात वर केला.

“बाबा, चाहिए क्या?”

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी कागद पुढे करीत मी कमरेत वाकलो. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या पट्ट्याला असतो. पोटाच्या भाराने तो कापडावर दाबला गेला.

टक्.

मॅनेजर भिंतीला चिकटले. मी वाकलेलाच राहिलो.

“मालक, वो प्लास्टिक का है,” सुभेदार शांतपणे म्हणाले. त्यांनी ते निळे पिस्तूल काढून गालिच्यावर ठेवले आणि किल्ली कापडावरून चापावर नेमकी कुठे टेकली ते बोटाने दाखवले.

मालकांनी पुढे वाकून त्या जागेकडे पाहिले. “मेरी बच्ची किधर बैठती है?”

“इधर,” सुभेदारांनी तीच जागा दाखवली. “रोज.”

“खलास,” मालक म्हणाले, म्हणजे विषय संपला.

कडक होल्स्टर आजच मागवायचे आणि ते येईपर्यंत पिस्तूल कपाटातून हलवायचे नाही, असा हुकूम सुटला. मॅनेजरांनी फुगवट्याचा विषय काढताच, मग कोट मोठा शिवा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर मी तिसरे पान वाचण्याची परवानगी मागितली, कारण खरी मागणी तिथेच होती. मालकांनी ती दिली. मी उभ्याने, एकही शब्द न गाळता वाचले, आणि त्यांनी ‘शुक्रन’ म्हणून आभार मानले.

बाहेर येताना सुभेदारांना हसू इतके अनावर झाले की त्यांनी फाटकाचा खांब धरला. मागणी वाचण्याआधीच मंजूर झालेला माझा हा पहिलाच अर्ज, असे त्यांचे म्हणणे. टक् वाजवणारे पोट हेदेखील अर्जदाराच्या वतीनेच हजर होते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले.

एवढ्यात ती नात घरातून पळत आली आणि तिने सुभेदारांच्या कमरेवर उडी घेतली. सवयीने त्यांनी एक पाऊल मागे घेतले, मग कमरेला हात लावून पाहिला. तिथे नुसता पट्टा होता. त्यांनी तिला उचलून थेट खांद्यावर बसवले. वरून तिने माझ्या किल्ल्यांसाठी हात पुढे केला. मी जुडगा सोडून तिच्या हातात दिला.