लिंबाचे तीस थेंब

पूल ओलांडून होईपर्यंत ताईंनी सुनेला निदान सतरा वेळा चोरटी म्हटलं होतं, आणि शिंप्याचं घर अजून अर्ध्या तासावर होतं. शेजारची मास्तरीण मागून जवळजवळ धावत होती. बसने जाऊ, असं तिने निघतानाच सुचवलं होतं.

"बसमध्ये लोक असतात," ताई म्हणाल्या होत्या. "त्यांनी काय पाप केलंय माझं ऐकायला?"

मास्तरणीने मात्र काय पाप केलं होतं, ते देवालाच ठाऊक. रोज सकाळी ती देवापुढे हात जोडून एवढंच मागायची, की आज माझ्या तोंडून कुणाला टोचणारा शब्द जाऊ नये. ते मागणं आज दोघींना पुरवायचं म्हणजे फार ताणावं लागत होतं.

ताई म्हणजे गल्लीतल्या अत्तरवाल्या ताई. तीस वर्षं औषधांच्या दुकानात मापाने औषधं ओतली. मग नवरा अंथरुणाला खिळला, दोन वर्षं. खोलीतला वास काही केल्या जाईना. फरशी पुसून झाली, चादरी उकळून झाल्या. एक दिवस ताईंनी फडक्यावर संत्र्याच्या सालीचं आणि लव्हेंडरचं तेल टाकून ते उशाशी ठेवलं. नवरा डोळे मिटूनच म्हणाला, "खिडकी उघडलीस का गं?" खिडकी बंद होती. तो गेला, पण ते फडकं ताईंच्या हातून सुटलं नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका बाजूला भाजी आणि दुसऱ्या बाजूला काळपट तपकिरी बाटल्या. काचेच्या नळीने थेंब मोजायचे, कागदाच्या पट्टीवर घेऊन हुंगायचे, आणि नाक भंजाळलं की स्वतःच्या कोपराच्या खळगीत खुपसायचं. "आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून नाकाला तिथे विसावा मिळतो," असं त्या सांगत. मिश्रण जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात सहा आठवडे मुरल्याशिवाय पोटच्या मुलालाही बाटली मिळायची नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायची मास्तरीण. निवृत्त झाली तरी अक्षर शाळेतलंच राहिलं होतं, वळणदार. 'ताईंचं अत्तर', एवढंच लिहायचं.

त्याच चिठ्ठ्यांनी घात केला होता. ताई चार दिवस बहिणीकडे गेल्या असताना सूनबाईने चादरींच्या घडीखालची ताईंची मापांची वही काढली, पानं उतरवून घेतली आणि आपल्या घरी डझनभर बाटल्या भरल्या. मुरवायचं वगैरे काही नाही. ताईंच्या खणातल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाटल्या ओळखीत वाटल्या. एक शिंप्याच्या लेकीला मिळाली. ती शाळेत खेळ शिकवायची. सकाळी गळ्याला अत्तर चोळून ती दिवसभर उन्हात मैदानावर उभी राहिली, आणि दोन दिवसांत गळ्यावर फोड आले.

"लिंबाच्या सालीचं तेल कातडीला जास्त लागलं आणि वर ऊन पडलं की भाजतं," ताई रस्त्यातच ओरडल्या. "एवढं कळत नाही? शाळेत काय शिकवता गं तुम्ही?"

"मी पहिलीला शिकवलं, ताई. त्यांना लिंबू आंबट असतं, इतपत आम्ही पोचायचो."

"हस तू. हस."

"हसत नाही हो. पण सकाळी सूनबाई रडत सांगत होती, वहीत लिंबाचे तीस थेंब लिहिलेत म्हणून मी तीस घातले. तीस लिहिलेत का खरंच?"

ताई एकदम वाकल्या आणि चपलेचा पट्टा नीट करू लागल्या. पट्टा नीटच होता.

"चालताना बोलू नये," त्या म्हणाल्या. "धाप लागते."

तासभर एका दमात बोललेली बाई हे सांगत होती. सकाळचं एक मात्र मास्तरणीच्या मनात तेव्हापासून अडकलं होतं. सून तीस म्हणाली, तेव्हा ताईंनी बशी आपटली होती, पण 'खोटं बोलतेस' असं काही म्हटलं नव्हतं.

शिंप्याने दार उघडलं ते गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून. आत यंत्रावर अर्धवट शिवलेला पडदा लोंबत होता.

"या," तो म्हणाला. "बघायला आलात? बघा. चिठ्ठीवर तुमचं नाव होतं, म्हणून डोळे झाकून घेतली. परक्याची असती तर पोरीने हातही लावला नसता."

"ती बाटली मी केलेली नाही," ताई तडकल्या. "माझ्या सुनेने माझी वही चोरून..."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. तिने गळ्यावरचं ओलं फडकं बाजूला केलं. थेंब ओघळावा तसे लालकाळे पट्टे कानाखालून खाली उतरले होते.

"काकू, डाग जातील ना?" तिने विचारलं. रागाने नाही, म्हणून ते जास्त लागलं.

ताई पुढे झाल्या. दुकानात बाटली पारखायच्या तशा त्यांनी तो गळा उजेडाकडे वळवून पाहिला.

"जातील. महिने लागतील. उन्हात झाकून जायचं, आणि डॉक्टरला दाखवायचं. मी येते बरोबर." मग त्या शिंप्याकडे वळल्या. "आणि आकडा माझा आहे. तीन थेंब घालायचे असतात. वहीत मी मुद्दाम तीस लिहिलेत."

"मुद्दाम?"

"कुणी चोरलं तर त्याच्या बाटलीला भांडी घासायच्या साबणाचा वास यावा. फजिती व्हावी चोराची, एवढंच डोक्यात होतं."

शिंप्याने टेप गळ्यातून ओढून यंत्रावर फेकली.

"आणि वर सुनेच्या नावाने शंख करताय? तिने चोरी केली, खरं. पण विष तुम्ही ठेवलंत, बाई! माझ्या पोरीला कशाला चाखायला लावलंत?"



परत येताना पुलावर आल्यावर ताईंनी कठड्यावर थाडकन हात मारला. हात नक्कीच दुखला असणार.

"ती चोरटीच आहे," त्या म्हणाल्या. "हे मी मरेपर्यंत म्हणणार."

"म्हणा."

"पण मी कोण आहे, ते तो शिंपी बोलला. औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढली मी, मास्तरीण! एका मापाची चूक केली नाही. आणि घरी येऊन जाणूनबुजून खोटं माप लिहिलं." त्यांचा आवाज फाटला, पण डोळे कोरडेच होते, रागाने लाल झालेले. "माझं ऐक. उद्या नवी वही आण. मी सांगते, तू लिही. सगळे आकडे खरे. कातडीला काय चालतं, उन्हात काय चालत नाही, सगळं. दोन वह्या कर, एक त्या चोरटीला नेऊन दे. मी देणार नाही, माझी जीभ सुटेल. आणि अक्षर तुझंच असू दे गं. माझ्या हातचा आकडा आता मला दिसायला नको."