पांढऱ्या बैलावरचा निळा गोल

मास्तर एक डोळा मिटत, हाताचा पंजा पुढे धरत आणि समोरचं काहीतरी झाकून विचारत, "हे नसतं तं?"

कशालाही विचारत. एकदा माझ्या सुनेनं अंगणात मोराची रांगोळी काढली. मास्तरांनी पंजानं पिसारा झाकला. "हे नसतं तं?"

"तं कोंबडी झाली असती, मास्तर," सून म्हणाली. सगळ्यांत जास्त तेच हसले.

वाशीमच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि अनसिंगजवळच्या आमच्या गावात, माझ्या घरासमोर राहायला आले. एकटेच. घरात भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं. चित्रं म्हणजे काय, तर पांढऱ्या कापडावर एक तांबडा चौकोन. दुसऱ्यावर एक काळी पट्टी. तुम्हीही तेच विचारलं असतं जे मी विचारलं.

"हे काय होय?"

"तांबडा चौकोन."

"ते दिसते मले. पण होय काय?"

मास्तरांचं तोंड असं झालं, जसं पाहुणा ताटावरून न जेवताच उठला. म्हणाले, "सारे हेच इचारतात, भाऊ. उभं राहून पाहत कोणी नाही."

मी चौथीतून शाळा सोडली. चित्रातलं मला कळत नाही, आणि तसं म्हणायला मी कोणाला भीत नाही. पण बैल कळतात. पोळ्याच्या तोरणाखाली माझी पांढरी जोडी सगळ्यांत देखणी दिसली पाहिजे, हा माझा हट्ट. म्हणून गेल्या वर्षी पोळ्याला मास्तर म्हणाले, "यंदा बैल मी रंगवतो," तेव्हा मी खूश झालो. वाटलं, वाघ काढतील, हत्ती काढतील.

मास्तर बैलांभोवती कितीतरी वेळ नुसते फिरले. मग एका बैलाच्या अंगावर परातीएवढा निळा गोल काढला आणि हात धुतले.

"आन् दुसऱ्यावर?"

"त्याच्यावर काही नाही."

"काहून? त्यानं काय घोडं मारलं?"

"दोघं संगं उभे राह्यले का समजन."

तिकडे वाजंत्री सुरू झाली होती. तसाच निघालो. तोरणाखाली बाकीच्यांच्या बैलांवर ठिपके, नावं, फुगे, बेगड. एक जण ओरडलाच, "काय आबाजी, रंग सरला काय?"

आतून मी मास्तरांवर उकळत होतो. पण माझ्या बैलांना कोणी हसावं? म्हटलं, "मुद्दाम काढलं तसं! उभा राहून पाह्य जरा. अक्कल लागते पाहाले."

तो उभा राहिला. बोलून बसलो, म्हणून मलाही पाहावं लागलं. नजर निळ्या गोलावर जायची, तिथून पाठीवरून सरकत दुसऱ्या, कोऱ्या बैलावर जाऊन टेकायची. इतरांच्या बैलांवरचा रंग दिसत होता. माझे बैल दिसत होते.

"लेकाची पाठ किती सरळ हाय गा!" तोच हसणारा म्हणाला. आणखी दोघं-चौघं थांबले. हे काय होय, असं कोणी विचारलं नाही.

मास्तर मागे लिंबाखाली उभे. बैलांकडे नाही, लोकांच्या तोंडांकडे पाहत होते. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "पाहून राह्यले, भाऊ. लोकं पाहून राह्यले."

संध्याकाळी पूजेसाठी जोडी घरोघर फिरवली, तेव्हा मास्तरांनी दारात उभं राहून दोन्ही बैलांना आपल्या हातानं पुरणपोळी चारली.

यंदा पोळ्याच्या आधीच मास्तर वारले. मुलगी आली, चित्रं घेऊन गेली, दाराला कुलूप लागलं.

निळा गोल यंदा मीच काढला. वाकडा आला. सून म्हणाली, "मामाजी, दुसऱ्यावर बी काही काढा ना." नाही म्हणजे नाही.

तोरण तोडून पोळा सुटला. जोडी घरोघर फिरवत आणली, तर मास्तरांच्या दारासमोर दोन्ही बैल आपोआप थांबले. कासरा ओढला, हलेनात. दारावर ते नवंकोरं कुलूप चकाकत होतं.

आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी एक डोळा मिटला, पंजा पुढे धरला आणि कुलूप झाकलं.

बैल पोळीची वाट पाहत उभे होते. मीही घाई केली नाही.