चाक परत आलं न्हाय

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या ईट गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. त्यामुळं जीपच्या स्टेअरिंग बॉक्समधून तेल गळायला लागलं आणि माझ्या कोऱ्या फरशीवर काळा डाग पडला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. पोर्चमध्ये पांढरी फरशी मी हौसेनं बसवली होती, आणि नेमकी तिच्यावरच अण्णांची जुनी जीप उभी राहायची. रोज सकाळी पुढच्या चाकाजवळ एकाच जागी पुरीएवढा डाग. पुसला तरी उद्या हजर.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावरही स्वतः जीप चालवत शेतात जायचे. महिन्यातून एकदा बॉक्सचं बूच काढून नव्वद नंबरचं गिअरचं तेल ओतायचे. मी फरशीवरून बडबडलो की म्हणायचे, "गळतंय तवर बरं. आत तेल हाय म्हणून तर गळतंय. गळायचं थांबलं की मला सांग."

"तुमचं आपलं कायतरीच, अण्णा!"

गळती थांबवायला झिजलेलं सील बदलायचं तर बॉक्स उतरवावा लागणार, गाडी परंड्याला मिस्त्रीकडं ठेवावी लागणार. एवढा व्याप कोण करतो? आमच्याकडं यावर एक सोपा इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. तेलाच्या जागी ग्रीस कोंबायचं. ट्रॅक्टरवाले सर्रास कोंबतात. अण्णा सप्ताहातल्या कीर्तनाला गेले होते तेवढ्यात मी बूच काढलं आणि बोटानं ढोसून ढोसून ग्रीस भरलं. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठणठणीत.

अण्णा डागाच्या जागेकडं बघत उभे राहिले. "थांबलं व्हय रे? तेल बघाय पायजे."

"बघितलंय मी. गच्च भरलंय."

त्यांनी विश्वास ठेवला. बूच काढून बघितलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी शेताकडं जाणाऱ्या वाशीच्या रस्त्यावर, ओढ्याच्या अलीकडच्या डाव्या वळणावर, जीप रस्ता सोडून हिवराच्या झाडाला धडकली. दिवसाढवळ्या, रिकाम्या रस्त्यावर, रोजच्या वळणावर. अण्णांचं मनगट मोडलं. लोक म्हणाले, गुरुजींची नजर गेली. अण्णा मात्र एकच सांगायचे, "मी चाक फिरवलं, ते परत आलं न्हाय."

वळण संपताना हात सैल सोडला की स्टेअरिंगचं चाक आपोआप सरळ होतं, हे चालवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ते परत येत नाही म्हणजे काय? मला वाटलं, म्हातारा सारवासारव करतोय. भेटायला आलेल्या चार माणसांसमोर मी ओरडलो, "अण्णा, वय झालंय, कबूल करा की! लोकांची लेकरं मारताल एखाद्या दिवशी!" आणि चावी माझ्या खिशात घातली.

त्यांनी ती पुन्हा मागितली नाही. पोर्चमध्ये खुर्ची टाकून जीपकडं तोंड करून बसायचे. कधीतरी, विषय नसताना, तेच वाक्य बोलायचे. जीप मी दुरुस्त करून वापरायला काढली होती. स्टेअरिंग जड लागायचं, पण ते मी अण्णांच्याच खात्यावर मांडून मोकळा झालो.

दोन वर्षांनी अण्णा गेले. तेराव्याच्या दिवशी संध्याकाळी मी जीप पोर्चमध्ये सरळ लावली. सकाळी बघतो तर पुढची दोन्ही चाकं डावीकडं पार वळलेली. आणि खाली फरशीवर, त्याच जागी, पुरीएवढा काळा डाग.

मी दोन पावलं मागं सरलो. मग माझा मलाच राग आला. म्हणलं, उतार असेल, आपणच वाकडी लावली असेल. चाकं सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडं. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही टायरांना विटा टेकवून ठेवल्या. सकाळी विटा हातभर लांब सरकलेल्या, फरशीवर त्यांचा लाल ओरखडा. गाडीचं दार बंद, चावी माझ्या उशाला.

बायको आधी चेष्टा करत होती, "मामंजी चक्कर मारून येत असतील." विटा बघितल्यावर तिनं पोर्चमधून जाणं सोडलं. मागच्या दारानं ये-जा करू लागली.

शेवटी मी जीप परंड्याला नेली. मिस्त्री म्हातारा, अण्णांना ओळखणारा. त्यानं बॉक्स उतरवून टेबलावर उघडला. आत ग्रीस साबणासारखं घट्ट बसलं होतं. त्यातलं तेवढं तेल सुटून खाली गळत होतं. मिस्त्रीनं चिंधीनं मधला दांडा पुसला. आटे कोरडे, घासून पांढरे पडलेले, आणि एका जागी नखाला लागेल असा खड्डा.

"तेल बाजूला सरलं तर वाहून परत येतं," तो म्हणाला. "ग्रीस न्हाय येत. एकदा सरकलं की तिथंच बसतं. मग लोखंडावर लोखंड घासतं अन् चाक धरून बसतंय. वळलं की वळलं."

"कुठल्या बाजूला?"

"खड्डा बघा की. डाव्या." त्यानं चिंधी खाली टाकली. "कुण्या येड्यानं भरलं वो हे? गुरुजी तर तेलच घालायचे. त्यांनी सांगितलं असंल की, चाक परत येत न्हाय म्हणून?"

"सांगत होते," मी म्हणालो.

"मग भरलं कुणी?"

"माहीत न्हाय."

तेव्हासुद्धा मी खोटं बोललो. बापाला अग्नी देऊन महिना झाला नव्हता, आणि मी अजून माझंच तोंड वाचवत होतो. लाज वाटली, पण शब्द मागं घेतले नाहीत.

मिस्त्रीनं दांडा बदलला, नवं सील बसवलं, तेल भरलं. मी घरावरून तसाच पुढं गेलो, वाशीच्या रस्त्यानं, त्या वळणावर. चाक डावीकडं फिरवलं आणि हात सैल सोडला. चाक माझ्या तळव्याखालून अलगद फिरत सरळ झालं. हिवराच्या खोडावर जीपच्या धडकेची खूण अजून होती. गाडी तिथं थांबवून मी हमसून हमसून रडलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं पाणी आणून दिलं.

मला वाटलं, आता संपलं.

सकाळी उठून पोर्चमध्ये आलो. फरशी कोरडी होती. बॉक्सला खालून बोट लावून बघितलं, थेंब नाही. आणि पुढची दोन्ही चाकं डावीकडं पार वळलेली.

या वेळी मी चिडलो नाही. विटाही शोधल्या नाहीत. दार उघडून अण्णांच्या जागेवर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, ग्रीस मी भरलं होतं. तुमची चूक नव्हती." मग चाक सरळ केलं.

त्याला आता वर्ष होत आलं. रोज सकाळी चहाच्या आधी मी गाडीत बसतो, तेवढंच म्हणतो, चाक सरळ करतो. त्या चार माणसांसमोर मात्र अजून बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते डावीकडं वळलेलं असतं.