वार न ठाऊक असलेली बाई

आज वार कोणता, हे अख्ख्या बेळगावात एकाच शहाण्या बाईला ठाऊक नसते, आणि दुर्दैवाने रोज दहा माणसांना हाच प्रश्न विचारणे हे तिचे काम आहे. ही आपली अँब्युलन्सवरची नर्स. बेळगुंदीच्या शेतकऱ्याची मुलगी. डोक्याला मार लागलेला माणूस भानावर आहे का, हे पाहायला ती आधी त्याचे नाव विचारते, मग वार. उत्तर बरोबर की चूक, हे मात्र तिने कशावरून ठरवायचे? बदली माणूस आल्याशिवाय तिची ड्युटी सुटत नाही आणि बदली माणूस बहुधा येत नाही. दोघे नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागा तशाच रिकाम्या. त्यामुळे ती संध्याकाळी पाचला भेटली तरी "गुड मॉर्निंग, आजी" म्हणते आणि सकाळचा डबा उघडते. कोणाचाही हात हातात आला की तिची बोटे आपोआप नाडीवर जातात. शेजारच्या लग्नात ती नवरीचा हात धरून पंधरा सेकंद गप्प उभी राहिली. नवरीला वाटले, हिला भरून आले. मग ही म्हणाली, "शंभर. आजच्या दिवशी चालतंय."

आमची ओळख कशी झाली ते सांगते, पोरांनो. त्या वेळी तुम्हाला कळवले नव्हते. तुमचे आजोबा पहाटे पाचच्या जरा आधी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि नळावर डोके आपटले. ती आली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाली, "आप्पा, आज वार कोणता?"

"गुरुवार," आजोबा म्हणाले.

"बुधवार!" मी म्हणाले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान मी रोज सकाळी पाच वाजता फाडते, हे तुम्हाला माहीत आहे. पान बुधवार दाखवत होते.

ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. मग दाराकडे वळून तिने ड्रायव्हरला विचारले, "अण्णा, आज काय हाय?"

"सोमवारी गाडीवर चढलोय बघा. फुडचं मला न्हाय ठावं."

तिच्या खिशात मोबाइल होता, माझ्या हातात मोबाइल होता. त्यात पाहावे हे कोणालाही सुचले नाही. "गुरुवारच!" आजोबा स्ट्रेचरवरून ओरडत होते, आणि ते जितक्या ठामपणे ओरडत तितकी माझी खात्री पटत होती: मेंदूला मार लागला, माणूस हातचा गेला. दवाखान्यात डोक्याचा फोटो चांगला आला. बाकावर पडलेल्या वर्तमानपत्रात गुरुवार होता. त्या गडबडीत पान फाडायचे माझेच राहिले होते. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, फोटो तुमच्या डोक्याचा काढाय पायजे होता."

तेव्हापासून आजोबा रोज सकाळी तिला फोन करून वार सांगू लागले. "गं पोरी, आज शुक्रवार." तिकडून स्पीकरवर उत्तर येई, "व्हय? बरं झालं सांगितलासा." मला हे कोडेच होते. एकदा मी तिला म्हटले, "अगं, मोबाइलवर वार दिसतो की!" ती म्हणाली, "दिसतोय. पण आप्पांच्या तोंडनं ऐकला की पक्का हुतोय."

गेल्या महिन्यात एका सोमवारी आजोबा तिला म्हणाले, "आज शुक्रवार." स्वयंपाकघरात माझा हात थांबला. ती नेहमीसारखेच "बरं झालं" म्हणाली. पण दुपारी गणवेशातच आली, इथेच जवळ अनगोळात काम होते म्हणाली. आजोबांना दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावले, आपली बोटे घट्ट दाबायला लावली. लाड चाललेत असे समजून आजोबा खूश. फाटकाशी मला म्हणाली, "आजी, ह्या महिन्यात तीनदा चुकलंय. लिहून ठेवलंय मी. मोठ्या डॉक्टरांस्नी दाखवूया."

"म्हणजे तुला वार माहीत असायचा?"

"कधी असायचा, कधी न्हाय. पण आप्पांचा फोन आला की कॅलेंडर बघायची."

इतके दिवस कोण कोणाला सांभाळत होते, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. डॉक्टरांना दाखवले, गोळ्या सुरू आहेत. विसरणे थांबणार नाही, सावकाश होईल, असे ते म्हणतात. फोन चालूच आहे. काल मंगळवार होता. मी पान फाडून कॅलेंडर हातात घेतले आणि मुद्दाम आजोबांच्या समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पानाकडे पाहिले आणि फोनमध्ये म्हणाले, "गं पोरी, आज रविवार."

"अगं बाई! मग आज सुट्टीच की मला, आप्पा!" ती म्हणाली. तिच्या मागे सायरन सुरू झालेला मला स्पष्ट ऐकू येत होता.

"मग झोप जा जरा," आजोबा म्हणाले, आणि समाधानाने त्यांनी फोन ठेवला.