गालावरचे ठिपके

सोलापूरच्या गिरणीत मी साड्यांच्या काठांची नक्षी काढायचो, चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका भरत. त्याच हातानं, तसेच रंगीत ठिपके देऊन मी थोरल्या बहिणीचं चित्र रंगवलं, मांडीवरच्या तान्ह्या लेकीसकट. लहानपणी देवी येऊन गेल्या, तेव्हापासून बहिणीच्या गालांवर वण होते. तिची सासू चित्र बघून भडकलीच. "हे वण कशाला काडलंस रं? तोंड गुळगुळीत कर!"

अख्खं चित्रच ठिपक्यांचं होतं, लुगडं, बाळ, मागची भिंत. म्हातारीला तेवढे गालावरचेच दिसले.

"एक ठिपकाबी पुसणार न्हाय," मी ठणकावलं.

तिनं स्वतःच चिंधी उचलली. बहिणीनं लेकीला कडेवर घेतलं आणि सासूपुढं आपला गाल केला.

"आत्याबाई, पुसायचंच हाय तर आदी हितं पुसा की."