नायिकेच्या डोळ्यांवरचा नंबर

माझ्या सासऱ्यांना तक्रार करण्याचा भारी नाद. नळाला गढूळ पाणी आलं की नगर निगमला फोन, फूलबागेतला बाक मोडला की अर्ज, पेपरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची वेळ चुकीची छापली की संपादकाला पोस्टकार्ड. नोकरी सरकारी ऑडिटमध्ये झालेली. दुसऱ्याची चूक दिसली की बाबांना तरतरी येते, असं मी नवऱ्याला म्हणायची. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कागद तपासले, पण पोटच्या मुलाकडे त्याच्या धंद्याचा एक कागद कधी मागितला नाही.

धंदा केबलचा. ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत नवऱ्याची यंत्रं आणि तिथून घरोघर गेलेल्या तारा. मोठ्या कंपन्या आल्या, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या बसल्या आणि याचं गिऱ्हाईक गळत गेलं. टिकली ती आमची मराठी घरं, कारण छत्रीवाल्यांकडे मराठी चॅनेलचे वेगळे पैसे पडत. मग याने तोड काढली. नागपूरच्या नणंदेच्या पत्त्यावर घरगुती कनेक्शन घ्यायचं, तिथली सेट-टॉप पेटी ग्वाल्हेरला आणायची आणि एका घरासाठीचा सिग्नल अख्ख्या गल्लीत सोडायचा. पुढे क्रिकेट आणि सिनेमाच्या पेट्याही आल्या. बाड्यावरचा, म्हणजे इथल्या मोठ्या बाजारचौकातला, एक मोबाइलवाला त्या बाहेरून आणवायचा आणि आमच्यासारख्या कितीतरी गल्ल्यांना पुरवायचा.

चोरीच होती ती. मला माहीत होतं, गिऱ्हाइकांनाही होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. फक्त सासऱ्यांना वाटायचं की आपला मुलगा या हिंदी मुलखात मराठी टिकवून आहे. नातेवाइकांत ते हे अभिमानाने सांगत, आणि नवरा ताटात बघून जेवत राही.

संध्याकाळची मालिका ते कधी चुकवत नसत. एके दिवशी नायिका रडत असताना नेमकी तिच्या डोळ्यांवर आकड्यांची एक ओळ उमटली आणि क्षणात गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"हे काय मधेच?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा, कंपनीचं असतं. तुम्ही टेन्शन नका घेऊ, अपने आप चला जाता है," नवरा म्हणाला आणि जिना चढून गेला.

प्रत्येक पेटीचा नंबर वेगळा असतो. सिग्नल कुठल्या पेटीतून फुटलाय ते कळावं म्हणून कंपनी तो मधूनच पडद्यावर आणते. कोणी तो टिपून कळवला की पेटीवाला सापडतो. असे टिपणारे कंपन्या पगार देऊन ठेवतात म्हणे. आमच्याकडे ते काम फुकटात झालं.

सासऱ्यांनी आम्हाला पत्ताच लागू दिला नाही. मुलाला आयतं काम करून दाखवायचं होतं त्यांना. नंतर एका सकाळी चार अनोळखी माणसं दारात आली आणि सासरे लगबगीने उठले. "मी फोन केला होता ना चॅनेलला," ते मला म्हणाले. "पोरगी फार सभ्य होती, शुद्ध मराठीत बोलली. नंबर दिला, पत्ता दिला. म्हटलं, माझ्या एकट्याचा प्रश्न नाही, सगळी गल्ली आमच्याच तारेवर आहे. बघ, आले की नाही! चहा टाक."

नवरा वर यंत्रांपाशी होता, मी त्याला हाक मारायला जिन्याकडे धावले. तोवर सासरे त्या माणसांच्या पुढे होऊन जिना चढू लागले होते. गुडघे धरत, दर पायरीला थांबत. "सावकाश या, पायऱ्या उंच आहेत," ते सांगत होते. त्यातले दोघे साध्या कपड्यातले पोलीस होते.

पेट्या, यंत्रं, सगळं खाली आलं. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांना प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी ऑडिटच्या सवयीने एकेकाचं नीट, मुद्देसूद उत्तर दिलं. जबाबावर सही केल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना उमगलं. मी इतकं पडलेलं तोंड कुणाचं पाहिलं नाही.

नवऱ्याला जामीन मिळाला. बाड्यावरच्या मोबाइलवाल्याने कानावर हात ठेवले. गल्लीने महिन्याच्या आत छत्र्या लावल्या. आता तुमची चूल कशावर पेटते, असं एकाही घराने विचारलं नाही. नवरा बापाशी बोलायचा बंद झाला. सासरे त्यांच्या खोलीत जेवतात, दोघांची ताटं मीच पोचवते. आधी मला दोघांचाही संताप यायचा. आता तोही येत नाही, नुसतं रिकामं वाटतं.

परवा वकील घरी आला होता. सासरेही येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

"पेटी बहन के नाम की है, घर में देखने के लिए लाए थे, इतना मैं संभाल लूँगा," वकील म्हणाला. "गलीवाले तो बोलने से रहे, खुद फँसेंगे। पूरी गली में जाता था, ये कहनेवाले अकेले बाबूजी हैं। अदालत में बस इतना कह दें कि याद नहीं।"

"मला आठवतंय," सासरे म्हणाले. "मी खोटं नाही बोलणार."

कितीतरी महिन्यांनी नवऱ्याने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "बाबा, सजा होईल मला."

"माहीत आहे."

वकिलाने फाइल मिटली. मग तो आवाज उतरवून नवऱ्याला म्हणाला, "वैसे तारीखें तो सालों चलती हैं। गवाही का नंबर आते-आते... बाबूजी की उमर क्या है?"

"बयासी," सासऱ्यांनीच सांगितलं. मग ते मुलाकडे वळले आणि मराठीत, अगदी हळू, म्हणाले, "तोवर मी जाईन रे. एवढ्याने सुटशील ना तू?"



"क्या कह रहे हैं?" वकिलाने विचारलं.

आणि नवऱ्याने त्याला ते हिंदीत सांगितलं.