कानांनी वाचलं तर चोरी?

"नुकसान दाखवा!" असं म्हणून सर टेबलावर तळहात आपटायचे. समोर विद्यार्थी असो, नाहीतर आमच्या टाउनशिपमधला भाजीवाला. एकदा वादाच्या भरात गॅसवरचं दूध उतू गेलं, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "हे घ्या, दाखवलं."

ती कारखान्यात इंजिनिअर, क्वार्टर तिच्या नावावर. सर, आमचे शेजारी, शहरातल्या एका लॉ कॉलेजात शिकवायचे. बायकोच्या क्वार्टरमध्ये राहतो म्हणून लोक हसायचे. हसू देत मेले!

माझी मीनू जन्मापासून आंधळी. कॉम्प्युटर तिला पुस्तक वाचून दाखवायचा, पण आधी ते त्यात भरायला हवं. बी.ए.च्या इतिहासाच्या पुस्तकासाठी मी प्रकाशकाला फोन केला. तो म्हणाला, "मैडम, कंप्यूटर में गई तो समझो बाज़ार में गई." पोरीची परीक्षा तोंडावर, आणि ह्याला बाजार दिसत होता!

सर भडकले. "वहिनी, डोळ्यांनी वाचलं तर अभ्यास आणि कानांनी वाचलं तर चोरी? हा कॉपीराइट सैल करायलाच हवा." वर्षानुवर्षं भाषणांतून ते हेच सांगत होते. आता इंद्रपुरीच्या बाजारातून जुना स्कॅनर आणला आणि एकेक पान स्वतः भरलं. यंत्राच्या चुका मीनूला शेजारी बसवून दुरुस्त केल्या. सनावळीवरून दोघं कडाकडा भांडायची.

मीनू पास झाली. गप्प बसायचं ना! पण सरांनी प्रकाशकाला स्वतःच कळवलं, "मी पुस्तक भरलं. आता नुकसान दाखवा."

त्याने थेट प्रिन्सिपॉलकडे तक्रार केली. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी मागा, नाहीतर जा.

"आंधळ्या मुलीला वाचू दिलं म्हणून माफी?" एवढं विचारून सर निघून आले.

"कानून पढ़ाता था, चोरी करता था," टाउनशिपभर कुजबुज. कोण बोलत होतं? ज्यांच्या घरी नकली सीड्यांचे ढीग, ते! माझं तर डोकंच फिरायचं.

पुढे कायदा बदलला. आंधळ्यांसाठी पुस्तक भरायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली. सरांना मात्र कॉलेजने परत बोलावलं नाही. ते गेले तेव्हा त्याच कॉलेजने शोकसभा मोठ्या थाटात केली. तेच प्रिन्सिपॉल माइकवर म्हणाले, "सर काळाच्या पुढे होते."

मला राहवेना. उठलेच. "पुढे कसले? तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या समोर उभे होते. तुम्हीच हाकललंत!"

मीनूने माझा पदर ओढला. मला वाटलं, खाली बसवतेय.

"आई," ती म्हणाली, "जोरात बोल. मागच्यांना ऐकू गेलं नाही."